नवरीशिवायचा मांडव

आयुष्यात मी दोनदा नवरदेव झालो. दुसऱ्यांदा झालो तेव्हा शेजारी नवरी होती. पहिल्यांदा नव्हती, आणि मेलं तेच लग्न मला जास्त आठवतं. डोक्याला बाशिंग, अंगाला हळद, समोर अख्खं गाव आणि शेजारचा पाट रिकामा. वय चोवीस, शिक्षण बी.ए., एलएल.बी. नागपूरच्या कॉलेजात मी करार कशाने होतो आणि कशाने मोडतो यावर तास तास भांडत असे. इथे एका बाईने माझ्या गालाला हळद फासली, तर मला साधं ‘नको’ म्हणता आलं नाही.

हे झालं विलायतेपायी.

सौंदडजवळच्या एका गावात माझे वडील शाळामास्तर होते. तेव्हा आमचा जिल्हा भंडारा, आणि मोठी कामं काढायची ती गोंदियाला जाऊन. मी वकिलीची परीक्षा पास झालो तेव्हा आमच्या प्राध्यापकांनी माझ्या डोक्यात भरवलं, की इथे वकील पैशाला पासरी झालेत, तू लंडनला जा, एलएल.एम. कर, मग बघ. मी अर्ज केला आणि तिकडच्या विद्यापीठाने होकार कळवला. होकार फुकट असतो. बोटीचं भाडं, फी, खोली, खाणं हे सगळं विकत. थंडीत तिकडे शेकायला कोळसासुद्धा दुकानातून आणावा लागतो हे ऐकून आईने तोंडावर पदर धरला. आमच्या दारापासून जंगल सुरू होत होतं. जळण विकत घेणारा माणूस तिच्या लेखी भिकेलाच लागलेला.

त्या काळी विलायतेला जायच्या वाटा ठरलेल्या होत्या. बाप श्रीमंत हवा, नाहीतर एखाद्या राजेसाहेबांची मर्जी हवी. सरकारी स्कॉलरशिपसाठी मी अर्ज केला होता, ती दुसऱ्याला मिळाली. उरला मुलीचा बाप. ‘माझी पोरगी करून घ्या, विलायतेचा खर्च मी देतो’ अशी बोली आमच्या दाराशी दोनदा आली. दोन्ही वेळा वडिलांनी पाहुण्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं. “पोरगा शिकवला मी, बैल नाही पोसला बाजारात न्यायला,” एवढंच म्हणाले. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला, आणि रागही आला. दुसरी मुलगी म्हणे दिसायला चांगली होती.

शेवटी वडील मला घेऊन गोंदियाच्या एका शेठकडे गेले. बिडीच्या पानांचा त्यांचा व्यापार होता आणि उन्हाळ्यात आमच्या गावाशेजारी त्यांचा फड लागायचा, म्हणजे जंगलातून तोडलेली पानं मोजून घ्यायची जागा. त्यामुळे वडिलांची ओळख. शेठनी आमचं म्हणणं डोळे मिटून ऐकलं.

“मास्टरजी, पैसा मैं दूँगा. ब्याज भी नहीं लूँगा,” ते म्हणाले. “पर लड़का वहीं का होके रह गया तो? जमीन के कागज मत दिखाइए. पहले देखूँ, गाँव इसको क्या देता है. गाँव जितना दे, उसका तिगुना मेरा. जिसके पीछे गाँव है, वो भागता नहीं.”

परतीच्या गाडीत वडील खिडकीबाहेर बघत बसले. गावाकडे मागायचं कसं? ज्या घरातल्या पोरांना त्यांनी अक्षरं गिरवायला शिकवली, त्यांच्याच दारात झोळी घेऊन? त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मीच म्हणालो, की राहू द्या, गोंदियाच्या मुन्सफ कोर्टात बसेन. घरी आल्यावर आईने तिच्या भावाला बोलावलं.

हा माझा मामा गावातच राहायचा. शेती बेताची, पण गावातली अडलेली कामं सोडवायला लोक त्याच्याकडे यायचे. त्याने सगळं ऐकलं, तंबाखू मळली आणि म्हणाला, “मागतलं तं भीक. घेतलं तं उधारी. आहेर होऊ दे ना गा.”

आमच्याकडचा आहेर कसा असतो ते सांगायला हवं. लग्नाच्या मांडवात एकेक घर पुढे येतं, नवरदेवाच्या कपाळाला हळद-तांदूळ लावतं आणि जे आणलं असेल ते ताटात ठेवतं. मांडवाच्या खांबाला टेकून गावचा कोतवाल मोठ्याने पुकारतो, कोणाच्या घरून काय आलं. लिहून कोणी ठेवत नाही. पुकारलेलं गाव विसरत नाही. त्या घरी पुढे लग्न निघालं की आपण तो आहेर थोडा वाढवून फेडायचा. मधेच कधी फेडता येत नाही. आणि घेतलेला आहेर जसाच्या तसा परत जातो तो एकाच कारणाने, लग्न मोडलं तर.

अडचण एवढीच होती की मी लग्न करत नव्हतो.

“घर सोडून जाऊन तं राहिला ना?” मामा म्हणाला. “मंग लगनच समजा. विलायतेसंगं.”

ही गोष्ट गावाला इतकी पटली की मला हसावं की रडावं कळेना. दोन दिवसांत जो तो म्हणू लागला, मास्तरचा पोट्टा विलायतेसंगं लगन लावून राहिला. मी घरात आदळआपट केली. म्हटलं, पैसे द्यायचे तर द्या, हा तमाशा कशाला? कायद्याने याला काही अर्थ आहे का? आई तांदूळ निवडत होती. ती मान वर न करता म्हणाली, “लाजच वाटते ना तुले? दुखत तं नाई?”

दुसऱ्या दिवशी मी बाशिंगासाठी डोक्याचं माप दिलं.

वैशाखात मांडव पडला. हिरव्या डहाळ्या, डफडं, वांग्याची भाजी आणि भात, सगळं रीतसर. मी पाटावर बसलो. बाशिंगाच्या माळा नाकावर लोंबत होत्या आणि मागे माझा नागपूरचा एक वर्गमित्र तोंडाला रुमाल लावून बसला होता. त्याला खोकला झालेला नव्हता. लाजेने माझी मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. म्हणून तो आहेर माझ्या लक्षात राहिला आहे तो पायांनी. भेगा पडलेल्या टाचा, चिखलाने कायमची रापलेली बोटं, चांदीच्या जोडव्यांचे पाय, एक अंगठा नसलेला पाय. पाय समोर यायचे, कपाळाला हळद-तांदूळ लागायचे आणि डोक्यावर कोतवाल ओरडायचा. कोणाच्या घरून रुपया, कोणाच्या घरून आठ आणे आणि सूपभर धान. जंगलात कामाला जाणाऱ्या एका गोंड घराने मधाची बाटली आणली, विलायतेत खोकला फार होतो म्हणे. ज्यांच्या घरी पोळ्यालाही गोड होत नव्हतं तेसुद्धा आले. मला वाटत होतं, एकाने तरी यावं आणि म्हणावं, मी देत नाही जा. कोणी म्हणालं नाही.

सगळ्यात शेवटी पत्रावळीवाली मावशी आली. मावशी म्हणजे नात्याची नाही. गावात कोणाचंही लग्न निघालं की जेवणावळीच्या पत्रावळी ती लावायची. पळसाच्या पानांनी तिची बोटं तपकिरी झालेली असत. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. गावातलं प्रत्येक लग्न तिच्या पानावर जेवलं होतं आणि तिच्या घरी कधी मांडव पडला नव्हता.

तिने ताटात गडवा ठेवला. गडवा म्हणजे आमच्याकडचा पितळी तांब्या. चिंचेने घासून लखलखीत केलेला.

“विलायतेत पानी कायच्यात पेशील?” ती म्हणाली. “तिकडे काचीच्या गिलासात पेतेत म्हनतेत. फुटला तं?”

सगळे हसले. मीही बाशिंगाच्या आड हसलो. मग ती खाली वाकून माझ्या कानाशी म्हणाली, “माह्या घरचा आहेर फेडाची फिकर नोको करू. माह्या घरी कोनाचं लगन निघते?”

शेठ शब्दाला जागले. वडिलांनी आहेराची रक्कम सांगितली तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि म्हणाले, बोट निघायच्या दिवशी माझी हुंडी मुंबईत तयार असेल. मी बोटीचं तिकीट काढलं. गोंदियाच्या शिंप्याकडून लोकरीचा लांब ओव्हरकोट शिवून घेतला. भर श्रावणात तो अंगावर चढवून दाखवला तेव्हा आईने माझी दृष्ट काढली. तिने गोंदियाजवळच्या नागऱ्याच्या महादेवाला आधीच नवस बोलून ठेवला होता. गाव स्टेशनावर पोचवायला आलं, डफड्यासकट. गाडी सुटल्यावर डब्यातल्या एका माणसाने विचारलं, नवरी कुठे बसली आहे? मी दुसऱ्या डब्यात जाऊन बसलो.

मुंबईला पोचलो आणि युरोपात लढाई पेटली. बोटीच्या कंपनीच्या कचेरीत गर्दी, प्रत्येक जण तावातावाने बोलतोय आणि खिडकीतला कारकून सगळ्यांना एकच उत्तर देतोय: आता काही सांगता येत नाही. मी थांबलो. उद्या सुटेल, परवा सुटेल म्हणून एका खाणावळीच्या खोलीत महिनाभर राहिलो. जेवणाचे पैसे देताना हात अडखळायचा. हे कोणाच्या घरचे? त्या जोडव्यांच्या पायांचे, की अंगठा नसलेल्या पायाचे? शेवटी कंपनीने थोडं कापून तिकिटाचे पैसे परत केले, आणि मी उलटी गाडी धरली. शेठची हुंडी मी वटवलीच नव्हती, त्यामुळे तिकडची लाज वाचली. गावाकडची वाचायची नव्हती.

सौंदडला भर दुपारी उतरलो. खांद्यावर ओव्हरकोट, हातात ट्रंक. बांधावरून चालत होतो तर निंदणाऱ्या बायांनी मला ओळखलं, आणि मी घरी पोचायच्या आधी माझी बातमी पोचली. दारात दोघी-तिघी आरती घेऊन उभ्याच होत्या. त्यांना वाटलं, नवरदेव विलायतेहून परतला. मामा धापा टाकत आला.

“झालं शिकून?” त्याने विचारलं. “एवढ्यात? हुशारच तसा!”

मला तोंड उघडायलाही वेळ मिळाला नाही. कपाळाला कुंकू लागलं, तोंडाभोवती आरती फिरली आणि मी दगडासारखा उभा राहून ती फिरू दिली. खरं सांगितलं ते त्यानंतर. आरतीचं ताट हातात धरून उभी असलेली बाई ‘असं होय’ म्हणाली आणि ताटातली वात तिने हळूच बोटांनी विझवली. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी मी खरंच जमिनीकडे बघितलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पैसे परत करायला निघालो. वकिलाची बुद्धी! ज्या कारणासाठी घेतलं ते कारण संपलं, तर घेतलेलं परत केलं पाहिजे. पहिल्या घराने पाणी दिलं, पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या घरात म्हातारा उठून आत निघून गेला. तिसऱ्या घरी पत्रावळीवाली मावशी होती. मी तिच्यापुढे गडवा ठेवला आणि ती अशी भडकली की तिच्या मांडीवरची पानं उडाली.

“आहेर वापस आनला? काऊन? लगन मोडलं काय तुह्यं?”

“मावशी, बोटच बंद झाली ना.”

“बोट बंद झाली. लगन मोडलं काय ते सांग.”

मी गडवा थोडा पुढे सरकवला.

“लढाई सपल. मंग जाशील. घेऊन जा तो गडवा. अपशकुन करून राहिला घरात.”

मग मला कळलं, मी काय करत होतो. मी दारोदार जाऊन सांगत होतो की लग्न मोडलं, आणि गाव ते ऐकायला तयार नव्हतं. मी गडवा उचलून परत आणला.

त्यानंतरची वर्षं मी आहेर फेडत काढली. गोंदियाच्या कोर्टात बसू लागलो. कुळांची, बांधाची, पानांच्या ठेक्याची भांडणं चालवायचो, आणि उन्हाळा आला की गावातल्या एकाही लग्नाला चुकायचो नाही. कोतवाल पुकारायचा, “मास्तरच्या पोराकडून!” एक घर फिटलं की छातीवरचं थोडं हलकं व्हायचं. मधे माझंही खरं लग्न झालं. गाव जेवायला आलं, पोटभर जेवलं, पण आहेर एकानेही आणला नाही. बरोबरच होतं, माझा आहेर होऊन गेला होता. माझी बायको मात्र रिकाम्या ताटाकडे बघत राहिली. घरी आल्यावर तिने विचारलं, तुमचं गावात कोणाशी पटत नाही का? तिला सगळं सांगताना माझे कान पहिल्या दिवसाइतकेच तापले. ओव्हरकोट ती पुढे पौषातल्या थंडीत अंगावर घ्यायची. ऊब चांगली आहे म्हणाली.

लढाई चालू होती तोवर लोक विचारत. “कवा जाऊन राहिला गा?” मी म्हणायचो, संपू द्या. म्हणायला सोपं होतं. लढाई संपली, बोटी सुरू झाल्या, आणि मी गप्प राहिलो. दोन लेकरं झाली होती. कोर्टात चार लोक नावाने विचारत येऊ लागले होते. नवीन पुस्तकं उघडायची म्हटलं की मी हातातल्या खटल्याचे कागद पुढे ओढायचो.

पुढच्या एका उन्हाळ्यात फडावर शेठ स्वतः आले होते. पानांचे पुडके घेऊन सगळं गाव रांगेत होतं, मीही काही कामाने तिथे होतो. शेठनी मला हाक मारली आणि सगळ्यांसमोर, चांगल्या मनाने विचारलं, “वकील साहब, मेरी जबान अभी भी है. जाना है विलायत?”

रांग थांबली. पानं मोजणारासुद्धा थांबला. पत्रावळीवाली मावशी पुडका डोक्यावर घेऊन माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “अब क्या जाना, शेठजी. अब नहीं.”

आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट ही, की हे म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं असणार. रांग पुन्हा सरकू लागली. त्या दिवसापासून गावात माझ्यासमोर ‘विलायत’ हा शब्द कोणी काढला नाही. गप्पांत चुकून कोणाच्या तोंडी आला तर तो मधेच खाकरून धानाच्या भावावर यायचा. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. लोकांनी मला सांभाळून घेणं, हे मला सहन होत नव्हतं. मी गावात जाणं कमी केलं.

त्याच वर्षी स्वराज्य आलं. दिवाळी झाली, गावोगावच्या मंडया, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रा, सुरू झाल्या, आणि कार्तिकात मला गोंदियाला निरोप आला: पत्रावळीवाल्या मावशीच्या घरी लग्न आहे, आहेर घेऊन ये.

मला वाटलं, म्हातारीने कोणाची पोर मांडीवर घेतली की काय. मी रीतीप्रमाणे थोडा वाढवून आहेर घेतला: एक लुगडं आणि तिच्या गडव्याहून मोठा नवा गडवा. संध्याकाळी तिच्या अंगणात पोचलो तर उसाची चार धांडं बांधून मांडव केलेला. खाली बोरं, आवळे, चिंचा. आणि मधे मातीच्या नव्या ओट्यावर वीतभर तुळस. त्याच पावसाळ्यात लावलेली दिसत होती. इतकी वर्षं तिच्या अंगणात तुळस नव्हती हे मला पक्कं आठवत होतं. ती तिने तुळशीसाठी लावली की माझ्यासाठी, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

अर्धं गाव जमलं होतं. मामाही काठी टेकत आला होता. तुळशीचं लग्न लागलं, अक्षता पडल्या. मी पुढे होऊन लुगडं आणि गडवा ताटात ठेवला. कोतवाल आता म्हातारा झाला होता, त्याचा आवाज बसला होता. त्याने खाकरून तोंड उघडलं, पण मावशीने त्याला हातानेच थांबवलं. ती स्वतः उसाच्या धांड्याला धरून उभी राहिली आणि पत्रावळी मागायला आलेल्या माणसाला ज्या आवाजात हाक मारायची, त्या आवाजात तिने पुकारलं,

“ऐका हो! विलायतेच्या नवरदेवाच्या घरून आहेर आला!”

अंगणात कोणी हसलं नाही. तो शब्द गावाने इतका जपून गाडून ठेवला होता, आणि तिने तो सगळ्यांसमोर बाहेर काढला. माझी मान पुन्हा खाली गेली. पुन्हा मला पायच दिसत होते, आणि ते सगळे माझ्या ओळखीचे होते.

“मावशी,” मी हळूच म्हणालो, “काऊन लाजवून राहिली? मी गेलोच नाई ना कधी.”

तिने चिमटीत हळद-तांदूळ घेतले, माझी हनुवटी धरून तोंड वर केलं आणि कपाळाला लावले.

“तू नाई गेला, ते तुह्यं,” ती म्हणाली. “आमी तं पाठवला होता.”